हालश्टाट : मिठाच्या डोंगराखालचे गाव आणि त्याच्या वेशीचा ताबा

ऑस्ट्रियाच्या मध्यभागी, अप्पर ऑस्ट्रिया प्रांतात, डाखश्टाइन पर्वताच्या पायथ्याशी हालश्टाट नावाचे एक गाव आहे. लोकसंख्या जेमतेम साडेसातशे. समोर सुमारे १२५ मीटर खोल तलाव, पाठीमागे सरळ उभा कडा आणि या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीवर एकमेकांना खेटून, एकावर एक रचल्यासारखी लाकडी घरे, असे या गावाचे छायाचित्र जगभर पोहोचलेले आहे. छायाचित्रात न दिसणारी गोष्ट अशी की या गावात शेतीला जमीन नाही, हिवाळ्यात काही भागांवर कित्येक आठवडे ऊन पडत नाही आणि १८९० पर्यंत येथे गाडीरस्ताही पोहोचलेला नव्हता. अशा ठिकाणी माणसांनी मुळात वस्ती का केली आणि ती हजारो वर्षे का टिकली, याचे उत्तर गावाच्या डोक्यावरच्या डोंगरात आहे. त्या डोंगरात मीठ आहे.

मराठी वाचकाला मीठ म्हटले की मिठागर आठवते. समुद्राचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, उन्हात आटवायचे आणि उरलेले मीठ ओढायचे, ही कोकणातली रीत. हालश्टाटचे मीठ आपल्याकडच्या सैंधवाच्या जातीचे, म्हणजे खडकातले. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे थर पुढे आल्प्सच्या घडणीत दाबले जाऊन चिकणमाती आणि जिप्सम यांच्यात कालवले गेले. त्यामुळे ते फोडून काढावे लागते, नाहीतर पाण्यात विरघळवून बाहेर आणावे लागते. प्रागैतिहासिक काळातल्या लोकांनी पहिला मार्ग पत्करला आणि मध्ययुगापासून दुसरा रूढ झाला. या दोन पद्धतींच्या फरकावर गावाचा पुढचा सगळा सामाजिक इतिहास उभा आहे, म्हणून त्या नीट समजून घ्यायला हव्यात.

पहिल्या पद्धतीचा काळ फार मागचा आहे. या डोंगरात सापडलेली सांबरशिंगाची कुदळ सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची मानली जाते. कांस्ययुगात, म्हणजे इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकाच्या आसपास, येथे खोल आणि शिस्तबद्ध खाणकाम चालू होते, याचा पुरावा म्हणजे २००३ मध्ये खाणीत सापडलेला लाकडी जिना. झाडांच्या वार्षिक कड्या मोजून त्याचे लाकूड इसवी सनापूर्वी १३४४ व १३४३ या वर्षांत तोडल्याचे निश्चित झाले आहे. मिठामुळे लाकूड, चामडे, कापड, दोर, किंबहुना माणसाची विष्ठासुद्धा टिकून राहते. तिच्या अभ्यासातून २०२१ मध्ये असे दिसले की लोहयुगातले खाणकामगार निळ्या बुरशीचे चीज खात आणि बिअर पीत होते.

खाणीच्या वरच्या दरीत या लोकांचे दफनस्थान होते. योहान गेओर्ग राम्साउअर हा खाणीचा अधिकारी १८४६ ते १८६३ या काळात तेथे खोदकाम करत राहिला आणि त्याने सुमारे ९८० कबरी उघडल्या. तो पेशाने पुरातत्त्वज्ञ नव्हता, तरी प्रत्येक कबरीचे जलरंगातले चित्र काढून घेण्याची दक्षता त्याने घेतली, आणि ही दक्षता त्या काळातल्या अनेक शिकलेल्या संशोधकांनाही साधली नव्हती. कबरींत बाल्टिक किनाऱ्यावरचा अंबर, म्हणजे झाडांच्या चिकाचा दगड झालेला पिवळा खडा, निघाला, हस्तिदंत आणि अंबर जडवलेली तलवारीची मूठ निघाली. मिठाच्या बदल्यात काय काय आणि किती दुरून येत होते, ते यावरून कळते. पुढे युरोपातल्या आरंभीच्या लोहयुगाला, साधारण इसवी सनापूर्वी ८०० ते ४५० या काळाला, विद्वानांनी या गावाचेच नाव दिले. तरी त्या श्रीमंतीची दुसरी बाजू हाडांवर उमटलेली आहे. सांगाड्यांच्या तपासणीत स्त्रियांच्या हाडांवर जड ओझी वाहिल्याच्या खुणा आढळल्या आणि लहान मुलांच्या मानेच्या मणक्यांवरही झीज दिसली.

मध्ययुगात चित्र बदलले. आता खडक फोडण्याऐवजी डोंगराच्या पोटात खोदलेल्या दालनांत गोडे पाणी सोडायचे, त्याने भोवतालच्या भिंतींतले मीठ विरघळवायचे, माती तळाशी बसू द्यायची आणि सुमारे २६ टक्के क्षार असलेले ते पाणी पन्हळींतून खाली आणून मोठ्या कढयांत उकळायचे, अशी रीत आली. या पद्धतीला माणसे कमी लागत नाहीत, पण त्याहून अधिक लागते ते सरपण. कढया अहोरात्र तापत्या ठेवायच्या तर डोंगरच्या डोंगर उघडे पडतात. त्यामुळे ज्याच्या हाती मीठ, त्याच्या हाती जंगल असावेच लागते. जंगल राखायचे तर तेथे कोण राहील, किती झाडे तोडील आणि कोणाला गुरे चारू देईल यावरही त्याचाच हुकूम चालावा लागतो. ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याने नेमके हेच केले. डोंगरावर आजही उभा असलेला रूडोल्फ बुरूज १२८४ मध्ये अल्ब्रेख्त ड्यूकने बांधला, कारण शेजारच्या साल्झबुर्गवर राज्य करणाऱ्या आर्चबिशपशी त्याचे मिठावरून भांडण चालू होते. त्याची विधवा, राणी एलिझाबेथ हिने १३११ मध्ये हालश्टाटला बाजारपेठेचा दर्जा दिला, खाणकामाची नवी घडी बसवली आणि उत्पन्न राजघराण्याच्या खजिन्याकडे वळवले. त्या अर्थाने हालश्टाट कागदोपत्री खेडे नसून पेठ आहे. ते खेडे वाटते ते केवळ आकारामुळे.

हा सगळा प्रदेश साल्झकामरगुट या नावाने ओळखला जाऊ लागला, म्हणजेच राजाच्या खजिन्याची खासगी मिळकत. त्याचा कारभार ग्मुंडेन येथील मीठ-कचेरीकडून चाले आणि १५२४, १५६३ व १६५६ मध्ये काढलेल्या जाड नियमपुस्तकांत मजुरी, लाकूडतोड, होड्यांचे आकार, धान्याचे वाटप असे बारीकसारीक सर्व काही लिहून ठेवलेले होते. बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय या प्रदेशात येता येत नसे. आतल्या माणसाला स्थायिक होण्यासाठी, घर बांधण्यासाठी, पुष्कळदा लग्नासाठीही कचेरीची परवानगी लागे. त्याबदल्यात काही मिळतही होते. मीठकामगाराला सैन्यात जावे लागत नसे, ठरलेल्या स्वस्त भावाने सरकारी धान्य मिळे, आजारपणात औषधोपचार मिळत आणि कामगार दर आठवड्याला ज्यात थोडी वर्गणी टाकत त्या सामाईक पेटीतून म्हातारपणी वा अपघातानंतर आधार मिळे. युरोपात सामाजिक विम्याची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी ही व्यवस्था या डोंगरात नांदत होती, असे कौतुकाने सांगितले जाते. ते खोटे नाही. मात्र ही माया खजिन्याच्या हिशेबातून आलेली होती. जेथे एक दाणा पिकत नाही तेथे कामगाराला धान्य पुरवले नाही तर कढई विझते, एवढे कचेरीला नीट ठाऊक होते.

धान्य येई ते होड्यांनी. भरलेल्या होड्या तलावातून ट्राउन नदीत आणि तेथून डॅन्यूबकडे जात; परतीच्या वाटेवर काठाने घोडे दोर ओढत धान्य वर आणत. ट्राउनच्या धबधब्याजवळ होड्यांसाठी थॉमस झेआउअर याने १५५२ मध्ये लाकडी कालवा बांधला आणि ही वाहतूक पुष्कळ सुकर झाली. गावातले पुरुष खाणीत, कढयांवर, जंगलात किंवा होड्यांवर कामाला असत. खाणकामगार आठवडाभर डोंगरावरच्या घरातच मुक्काम करीत. खडकातले शुद्ध मीठ पाठीवरच्या ओझ्यांत भरून उतारावरून खाली आणण्याचे काम बहुतकरून स्त्रियांकडे असे, आणि ते एकोणिसाव्या शतकातही चालू होते.

सरपणाची टंचाई मात्र सुटत नव्हती. हालश्टाटभोवतीची जंगले मागे हटत चालली, तेव्हा अधिकाऱ्यांनी विचार उलटा केला. लाकूड मिठाकडे आणण्यापेक्षा खारे पाणी लाकडाकडे का नेऊ नये? १५९५ मध्ये काम सुरू झाले आणि १६०७ पर्यंत हालश्टाटपासून एबेनझेपर्यंत सुमारे ४० किलोमीटरची नळवाट तयार झाली. तिच्यासाठी सुमारे १३ हजार झाडांची खोडे आरपार पोखरून, एकाच्या तोंडात दुसरे बसवत जोडली होती. पाणी केवळ उताराने वाहायचे, म्हणून कडेकपारींतून एकसारखा मंद उतार राखणे ही तिच्या बांधणीतली खरी कसोटी होती. वाटेत गोसाउ खोरे आडवे येते. तेथे १७५७ मध्ये दगडी खांबांचा उंच पूल उभा राहिला. नळ पुढे अनेकदा बदलले, लाकडाच्या जागी ओतीव लोखंड आणि नंतर प्लास्टिक आले, पण त्याच दिशेने खारे पाणी आजही वाहते. जगातली सर्वांत जुनी, चालू असलेली औद्योगिक नळवाट असे तिचे वर्णन करतात. या नळवाटेकडे मी केवळ यंत्रविद्येचा नमुना म्हणून पाहत नाही. मीठ उकळण्याचे मोठे काम खाली एबेनझेला गेले, तेव्हापासून हालश्टाटची संपत्ती गावातून वाहून जाते आणि तिचे मोल दुसरीकडे होते, ही स्थिती कायमची झाली.

गावाच्या वेशीवर दुसऱ्याचा ताबा असला की काय होते, हे सर्वांत कठोरपणे दिसले ते धर्माच्या बाबतीत. सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चला आव्हान देणाऱ्या मार्टिन ल्यूथर या जर्मन धर्मसुधारकाचा विचार खाणकामगारांमध्ये वेगाने पसरला. राजघराणे कॅथलिक होते आणि त्याला कामगार हवे होते, पण ल्यूथरपंथी नको होते. कॅथलिक पाद्री लादण्याविरुद्ध १६०१ मध्ये साल्झकामरगुटमध्ये उठाव झाला आणि तो पुढच्या वर्षी साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या फौजेने मोडून काढला. १६२३ पासून चालत आल्याचे सांगितले जाणारे तलावावरचे मिरवणूकपर्व याच काळातले आहे. कॉर्पस क्रिस्ती या कॅथलिक सणाच्या दिवशी पाद्री पवित्र प्रसाद घेऊन सपाट तळाच्या होडीत बसतो, मागून गावकरी, वाजंत्री आणि खाणकामगारांचा ताफा होड्यांतून निघतो आणि तलावावर प्रार्थना होतात. आज हे पर्व डोळ्यांचे पारणे फेडते, परंतु उठाव दडपल्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत ते सुरू झाले, हे लक्षात घेतले म्हणजे त्यातला सत्तेचा सूरही ऐकू येतो. शिवाय मिरवणूक पाण्यावर काढण्यामागे साधे कारणही होते : जमिनीवर तिला जागाच नव्हती.

वरवर कॅथलिक झालेली अनेक घरे आतून ल्यूथरपंथीच राहिली, आणि पुस्तके लपवून त्यांनी आपला धर्म चालवला. १७३४ मध्ये सम्राट सहाव्या कार्लच्या सरकारने त्यांच्यावर नवा उपाय काढला. त्यांना नुसते हाकलले तर ते प्रशियाला जाऊन मिळतील आणि शत्रूचे बळ वाढेल. म्हणून त्यांना होड्यांत बसवून डॅन्यूबमार्गे साम्राज्याच्याच दुसऱ्या टोकाला, आजच्या रुमानियातल्या ट्रान्सिल्व्हेनियात नेऊन वसवायचे, कारण तेथे ल्यूथरपंथाला कायद्याने मुभा होती आणि वस्तीची गरजही होती. हालश्टाट, ईशल, गोइसेर्न आणि गोसाउ या भागांतून पुढच्या काही वर्षांत सहाशेहून अधिक माणसे अशी पाठवली गेली. त्यांचे वंशज तेथे ‘लांडलर’ म्हणून ओळखले जात आणि आपली जुनी बोली त्यांनी विसाव्या शतकापर्यंत जपली.

त्याच १७३४ मध्ये खाणीत एक दरड कोसळली आणि मिठात रुतलेले, चपटे झालेले एक माणसाचे प्रेत बाहेर आले. ते प्रागैतिहासिक काळातल्या, अपघातात गाडल्या गेलेल्या कामगाराचे होते. गावाने त्याला ख्रिस्ती मानले नाही आणि त्याचे दफन दफनभूमीच्या बाजूच्या कोपऱ्यात झाले. जिवंत ल्यूथरपंथीयांना गावात राहू न देण्याचे आणि मृत परधर्मीयाला कोपऱ्यात पुरण्याचे हे दोन्ही निर्णय एकाच वर्षातले.

दुसऱ्या योसेफ सम्राटाने १७८१ मध्ये सहिष्णुतेचे फर्मान काढले, तेव्हा ल्यूथरपंथीयांना प्रार्थनागृहाची परवानगी मिळाली, परंतु त्याला मनोरा नसावा, घंटा नसावी आणि दार मुख्य रस्त्यावर उघडणारे नसावे, अशा अटी होत्या. बरोबरीचे हक्क मिळाले ते १८६१ मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, तलावाच्या अगदी काठाला त्यांचे नवे चर्च पूर्ण झाले. हालश्टाटच्या प्रत्येक छायाचित्रात जो सडपातळ, टोकदार मनोरा मध्यभागी दिसतो तो या चर्चचा आहे. कॅथलिकांचे जुने चर्च मात्र वर, उतारावर आहे. त्यात लेओनहार्ड आस्टलने सोळाव्या शतकाच्या आरंभी कोरलेली लाकडी वेदी आहे. ज्यांना मनोरा उभारायची मनाई होती त्यांचाच मनोरा आज गावाची ओळख बनला आहे, याकडे किती प्रवाशांचे लक्ष जाते कोण जाणे.

जागेच्या टंचाईने गावाच्या चालीरीतीही घडवल्या. जुनी वाट घरांच्या वरच्या अंगाने, काही ठिकाणी चक्क माळ्यांच्या पातळीवरून जाई. एका घराचे छप्पर संपते तेथे दुसऱ्याचे अंगण सुरू होते. १७५० च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला, तो यामुळेच : एका घराने पेट घेतला की शेजारच्याला वाचवायला मधे मोकळी जागा नव्हती. तेव्हा मीठ उकळण्याचे ठिकाण गावाच्या दक्षिणेला लान या मोकळ्या भागात हलवण्यात आले. २०१९ च्या नोव्हेंबर अखेरीस काठावरच्या लाकडी होडीघरांना पुन्हा आग लागली, तेव्हा स्थानिक स्वयंसेवी अग्निशमन दलाबरोबर आसपासच्या गावांची दलेही धावली आणि आग आटोक्यात राहिली. ऑस्ट्रियाच्या खेड्यांत अग्निशमन दल हे सरकारी खाते नसते. सुतार, शिक्षक, हॉटेलमालक असे सामान्य गावकरी सराव करून ते चालवतात, आणि गावातली सर्वांत भक्कम संघटना बहुधा तीच असते. तिच्या जोडीला हालश्टाटमध्ये मीठकामगारांचा वाद्यवृंद आहे, खाणकामगारांची संरक्षक संत बार्बारा हिचा ४ डिसेंबरचा सण आहे आणि गणवेश घालून चालणारे खाणकामगारांचे पथक आहे.

कॅथलिक चर्चशेजारी, बाराव्या शतकातल्या सेंट मिखाएलच्या छोट्या प्रार्थनामंदिराच्या तळघरात या टंचाईची सर्वांत वेगळी खूण जपलेली आहे. दफनभूमी इतकी लहान की एक कबर काही वर्षांनी, साधारण दहा ते पंधरा वर्षांनी, पुढच्या मृतासाठी रिकामी करावी लागे. मग जुनी हाडे काढायची, कवटी स्वच्छ करायची, ती हस्तिदंताच्या रंगाची होईपर्यंत उघड्यावर वाळवायची आणि कबर खोदणाऱ्यानेच तिच्यावर नाव, वर्ष, क्रूस आणि फुलांची किंवा पानांची माळ रंगवायची. अशा सुमारे १२०० कवट्या तेथे फळ्यांवर रचलेल्या आहेत आणि त्यांपैकी सहाशेहून अधिक रंगवलेल्या आहेत. रंगवण्याची रीत अठराव्या शतकात सुरू झाली. गुलाबांची वेल बहुधा स्त्रियांच्या आणि ओक वा आयव्हीची पाने पुरुषांच्या कवट्यांवर दिसतात. एका कुटुंबाच्या कवट्या शेजारी शेजारी ठेवण्याची काळजी घेतलेली आहे. शेवटची कवटी १९९५ मध्ये ठेवली गेली. १९६३ नंतर कॅथलिक चर्चने दहनाला मुभा दिली आणि जागेचा प्रश्न सौम्य झाला, तशी ही प्रथा ओसरली. पाहणाऱ्याला ती भीतिदायक वाटते; गावाच्या दृष्टीने मात्र माणूस मेल्यावरही त्याचे नाव पुसले जाऊ न देण्याची ती रीत होती.

एकोणिसाव्या शतकात कचेरीचा पोलादी ताबा सैल झाला. १८७७ मध्ये रेल्वे आली, पण तलावाच्या पलीकडच्या काठाने, त्यामुळे आजही स्थानकावर उतरून छोट्या बोटीने गावात यावे लागते. १८९० मध्ये कडा फोडून रस्ता झाला. खाणीत माणसे कमी लागू लागली, तेव्हा लाकूड कोरण्याची शाळा १८७३ मध्ये सुरू झाली आणि ती आजही फर्निचर, होडी आणि तंतुवाद्ये घडवायला शिकवते. खाण चालू आहे, पण तिला थोडेच हात लागतात. १९९७ मध्ये हालश्टाट आणि डाखश्टाइनचा हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशात आला. त्यानंतर २००६ मध्ये एका कोरियन दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रण येथे झाले आणि २०१२ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात एका खाण-कंपनीने या गावाची हुबेहूब प्रतिकृती बांधली. गावकऱ्यांना त्या योजनेची खबर बांधकाम ठरल्यावर लागली. चिडल्यानंतर त्यांनी ते हसून स्वीकारले आणि महापौर उद्घाटनालाही गेले.

कोविडच्या महामारीआधी साडेसातशे माणसांच्या या गावात वर्षाला सुमारे दहा लाख पाहुणे येत होते आणि गर्दीच्या दिवशी हा आकडा दहा हजारांपर्यंत जाई. त्यांतले बहुतेक दोन-तीन तासांत निघून जातात. वाहनतळ, बोट, खाणीचे तिकीट यांतून गावाला उत्पन्न मिळते आणि एकेकाळी तंगीत असलेल्या गावसभेला त्याचा उपयोग झाला, हे कोणी नाकारत नाही. तक्रार वेगळी आहे. घरे सुट्टीच्या निवासांकडे वळली, रोजच्या गरजेची दुकाने आकसली, पाहुणे अंगणात शिरतात, खिडकीतून डोकावतात. गावसभेने मे २०२० पासून पर्यटक बसगाड्यांना आधी वेळ राखून घेणे आणि किमान अडीच तास थांबणे बंधनकारक केले. मे २०२३ मध्ये छायाचित्रांच्या आवडत्या जागी लाकडी कुंपण उभारून दृश्यच झाकले, आणि टीका झाल्यावर ते काढले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शंभरेक रहिवाशांनी गावाकडे येणारा बोगद्याचा रस्ता थोडा वेळ अडवला; दिवसाची पर्यटकसंख्या मर्यादित करावी आणि संध्याकाळी पाच वाजल्यानंतर पर्यटक बस येऊ देऊ नयेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या.

ग्मुंडेनच्या कचेरीला परवाना नाकारण्यासाठी कोणाची संमती लागत नव्हती. आजच्या गावसभेकडे तो अधिकार नाही. गावात येणारा रस्ता प्रांताचा आहे आणि त्यावरून चालण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. गावाच्या हातात आहेत ते वाहनतळ, बसथांब्यांच्या वेळा आणि त्यांचे दर. म्हणून हालश्टाटमध्ये गर्दीवरचा वाद आज पार्किंगच्या जागा किती ठेवायच्या, बसला किती शुल्क लावायचे आणि तिला किती वाजता परत पाठवायचे, अशा कोरड्या आकड्यांवर लढला जातो.